तांबडी छत्री, पांढरी छत्री आणि त्यांची नावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी धावडा येथे झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या बाईने स्त्रीशिक्षण, काटकसर किंवा आरोग्य ह्यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे असा प्रघात आहे. मी आज कुत्र्याच्या छत्रीवर बोलणार आहे. चिटणीसबाईंना विषय कळवला तेव्हा त्या जरा हसल्या. पण विषय आरोग्याचाच आहे, आणि पाहायला गेले तर स्त्रीशिक्षणाचाही आहे.

आपल्या गावाचे नाव आणि एका झाडाचे नाव एकच. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडतो, त्याचे लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्याला चालते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून राहणाऱ्या बाईला साग, सालई, अंजन, पळस, धावडा ही झाडे पानावरून ओळखता येतात. आघाडा कोणता, तरोटा कोणता, कुर्डूची भाजी कधी कोवळी असते, हे ती लिहिता-वाचता येण्याच्या आधी शिकलेली असते. मात्र पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला, वारुळावर, कुजक्या ओंडक्यावर ज्या छत्र्या उगवतात त्यांना आपल्याकडे बहुतेक वेळा एकच नाव मिळते, कुत्र्याची छत्री. नाव घेऊन आपण मोकळ्या होतो आणि मुलांना म्हणतो, हात लावू नका.

मागच्या श्रावणात आपल्याच बैठकीत एका तरुण मुलीने मला विचारले, "बाई, विषारी असते ती तांबडी, पांढऱ्या ठिपक्यांची ना? मग आमच्या बांधावर उगवतात त्या तर पांढऱ्या आहेत. त्या खायला काय हरकत?" प्रश्न भाबडा नव्हता. तिने जे पाहिले होते त्यावरून तिने सरळ तर्क केला होता. बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता पाहा, मुलांच्या गोष्टींची रंगीत पुस्तके पाहा, मोबाइलमध्ये निरोपाबरोबर पाठवायची जी लहान चित्रे असतात ती पाहा. अळंबी म्हटली की तांबडी टोपी आणि तिच्यावर पांढरे ठिपके. आपल्या गावातल्या मुलाला अळंबीचे चित्र काढ म्हटले तर ते हीच काढील, आणि ही छत्री ह्या गावात कधी उगवलेली नाही! जिला कोणी पाहिले नाही तिचे भय सर्वांना, आणि जी दर पावसाळ्यात दारात येते तिच्याविषयी कोणाला शंका नाही, अशी ही उलटी गोष्ट झाली आहे. म्हणून आधी ह्या परदेशी तांबडीची ओळख करून देते आणि मग आपल्या दारातल्या पांढरीकडे येते.

ही तांबडी छत्री थंड मुलखातली. युरोप, सैबेरिया, उत्तर अमेरिका, जपान आणि आपल्याकडे हिमालयाच्या उंच जंगलात ती वाढते. तिला भूर्ज, चीड, देवदार अशा झाडांच्या मुळांची सोबत लागते. जमिनीखाली बुरशीचे बारीक तंतू झाडाच्या मुळांना वेढतात, झाडाला पाणी व क्षार मिळवून देतात आणि झाडाकडून साखर घेतात. असा हा दोघांचा भागीदारीचा संसार असतो. वर दिसते ती छत्री म्हणजे त्या तंतूंचे फळ समजा. परदेशी चीडची रोपे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका येथे नेऊन लावली तेव्हा मुळांबरोबर ही बयाही तिकडे गेली. आपला साग, अंजन, पळस ह्यांच्याशी तिचे जमत नाही.

तिच्या टोपीवरचे पांढरे ठिपके रंगाचे नसतात. छत्री जमिनीतून वर येते तेव्हा अंड्यासारखी एका पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली असते. आतली छत्री फुगू लागली की तो पापुद्रा फाटतो आणि त्याचे तुकडे टोपीला चिकटून राहतात. जोराचा पाऊस आला की ते धुऊन जातात आणि छत्री नुसती तांबडी राहते. म्हणजे ज्या खुणेवर चित्रकाराने भरवसा ठेवला ती खूणही एका सरीत जाणारी. फ्रान्समध्ये ह्यावरूनच तिला खोटी ओरोंज म्हणतात, कारण खरी ओरोंज ही दुसरी नारिंगी-तांबडी छत्री तिकडे मोठ्या आवडीने खातात. रोमच्या बादशहांच्या पंगतीलाही ती असे. तेव्हा तांबडी म्हणजे विषारीच, हाही नियम नाही.

आता तिची नावे. मला ह्या विषयात सगळ्यांत मौज वाटते ती येथे. जर्मन लोक तिला माशीचे अळंबे म्हणतात. इंग्रजीतही नावात माशीच आहे. रशियन नाव मुखोमोर, म्हणजे माशांचा मोर. हा मोर आपला पिसाऱ्याचा नव्हे. मृत्यू, महामारी ह्या शब्दांत जी 'मर' आहे तिचाच तो भाऊ. हंगेरीतील लोकही माशा मारणारी असेच म्हणतात. तेराव्या शतकात आल्बर्टस मॅग्नस नावाच्या विद्वान धर्मगुरूने लिहून ठेवले की, हिची पूड दुधात घालून ठेवली म्हणजे माशा मरतात. पुढे १७५३ साली लिनियस ह्या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले त्यातही लॅटिन माशी बसवली, 'मुस्का'. आपल्या 'मक्षिके'च्या शेजारी ठेवले तर कानाला परके वाटत नाही. आज तिला आमानिटा मुस्कारिया म्हणतात. गंमत अशी की माशा पुष्कळदा मरत नाहीत, नुसत्या गुंगून पडतात आणि काही वेळाने उठून चालू लागतात.

जपानात तिला तांबड्या तेंगूचे अळंबे म्हणतात. तेंगू म्हणजे त्यांच्या कथांतला लाल तोंडाचा, लांब नाकाचा डोंगरातला खवीस. जर्मनीत मात्र नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर हीच छत्री छापतात, आणि नशीबवान माणसाला 'भाग्याचे अळंबे' म्हणतात. एकाच वस्तूला एक समाज खवीस म्हणतो, दुसरा तिच्यावर भाग्य लिहितो. वस्तू तीच, माणसांचा तिच्याशी संबंध कसा आला त्यावर नाव ठरले.

नावावरून आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या कपाशीच्या शेतापर्यंत येते. १८६९ साली जर्मन रसायनज्ञांनी ह्या छत्रीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि छत्रीच्या नावावरून त्याला मस्करीन म्हटले. पुढे कळले की हिच्यात ते फारच थोडे असते. माणसाला भ्रम आणतात ती द्रव्ये निराळीच आहेत. पण नाव राहिले. शरीरात नसांचा निरोप ज्या ठिकाणी पोचतो त्यांपैकी काही ठिकाणांना डॉक्टर आजही मस्करीनचे नाव देतात. फवारणी करताना औषध अंगात जाऊन ज्याच्या तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अशा माणसाला दवाखान्यात ॲट्रोपिन टोचतात. ते नेमके त्याच ठिकाणी जाऊन काम करते. ज्या छत्रीला आपल्या मातीत जागा नाही, तिचे नाव असे आपल्या दवाखान्यात येऊन बसले आहे.

आता एका नवराबायकोची गोष्ट. ती खरी आहे. गॉर्डन वॅसन हे अमेरिकेत न्यूयॉर्कला बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची पत्नी व्हॅलेंटिना रशियात जन्मलेली, लहान मुलांची डॉक्टर. १९२७ सालच्या ऑगस्टमध्ये नवी जोडी डोंगरात हिंडायला गेली. रानवाटेवर बाईंना अळंबी दिसल्या आणि त्या हात सोडून धावत सुटल्या, गुडघे टेकून एकेकीला नावाने हाका मारल्यासारख्या वेचू लागल्या. पदर भरावा तशा भरून आणल्या. वॅसनसाहेब घाबरून गेले. इंग्रजी वळणाच्या घरात वाढलेला माणूस; रानातली छत्री म्हणजे विष एवढेच त्याला ठाऊक. बाईंनी रात्री त्या शिजवल्या, स्वतः जेवल्या. साहेबांनी ताटाला हात लावला नाही. उद्या सकाळी आपण विधुर झालेले असू अशी त्यांची खात्री होती! सकाळी बाई ठणठणीत उठल्या. तेव्हापासून दोघांनी हाच प्रश्न धरला की, एका समाजाला ह्या छत्र्यांचे एवढे प्रेम आणि दुसऱ्याला एवढी किळस का? तीस वर्षे भाषाभाषांतली नावे, म्हणी, चालीरीती गोळा करून त्यांनी १९५७ साली दोन खंड छापले. पुढच्याच वर्षी बाई वारल्या.

पुढे वॅसन ह्यांनी १९६८ मध्ये एक पुस्तक काढून असा पक्ष मांडला की, ऋग्वेदातला सोम म्हणजे हीच तांबडी छत्री. ऋग्वेदाचे अख्खे नववे मंडल सोमाला वाहिलेले. पण त्यात सोमाच्या पानांचे, मुळांचे, बियांचे वर्णन नाही, तो डोंगरावर मिळतो, त्याचा रंग झळझळीत आहे, असे त्यांचे मुद्दे होते. सैबेरियात काही जमाती ही छत्री खाऊन धुंद होत, ह्याची अठराव्या शतकातली प्रवासवर्णने त्यांनी पुढे केली. पंडितांत मोठा वाद झाला. केंब्रिजचे संस्कृतज्ञ जॉन ब्रफ ह्यांनी १९७१ साली त्यांचा पक्ष कसून तपासला आणि तो मान्य केला नाही. पारशी लोक त्यांच्या विधीत जो होम वापरतात तो एफेड्रा नावाच्या काटक्यांच्या झुडपाचा असतो, आणि सोम तोच असावा असे पुष्कळांचे मत आहे. आपल्या पुण्याचाही ह्यात थोडा भाग आहे. १८६०च्या सुमारास पुण्यात संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग ह्यांनी याज्ञिकांकडून सोमरस करवून स्वतः चाखला होता. तो सोमवेलीचा होता आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही! मला विचाराल तर वॅसनसाहेबांचा सोम मला पटत नाही. दगडांनी कुटून, लोकरीच्या गाळण्यातून गाळून घ्यायची ती वस्तू. पिलपिलीत छत्रीला एवढे दगड कशाला लागतील? पण नवराबायकोने मिळून विचारलेला तो पहिला प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटतो. व्हॅलेंटिनाबाईंना ती विद्या पुस्तकातून मिळालेली नव्हती. प्रत्येक छत्रीला वेगळे नाव होते, आणि ती नावे त्या माहेराहून घेऊन आल्या होत्या.

आता आपल्या नावांकडे या. आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. हिंदीत कुकुरमुत्ता, म्हणजे तिथेही कुत्रा, आणि तोही जरा अधिक ओंगळ रीतीने. बंगालीत ब्यांगेर छाता, बेडकाची छत्री. गुजरातीत बिलाडीनो टोप, मांजरीची टोपी. इंग्रजी आणि डच भाषांत भेकाचे आसन. कुठे कुत्रा, कुठे बेडूक, कुठे मांजर. पण माणसाची छत्री कोणीच म्हटले नाही. तुमच्यासाठी नव्हे, असे त्या नावातच सांगून ठेवले आहे. आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण खबरदारीची पाटी कुठे लावायची ते कळत होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या पंक्तीला कवकही वर्ज्य सांगितले आहे. कांदालसूण आपण सोडले नाहीत, कवकाची भीती मात्र राहिली.

दुसरीकडे मानाची नावेही आहेत. संस्कृतातले भूमिच्छत्र, त्यावरून आपले भूछत्र. शिलींध्र हा शब्द तर कालिदासाच्या मेघदूतात मेघगर्जनेबरोबर येतो. काही टीकाकार त्याचा अर्थ कंदली घेतात, काही भूछत्र. वीज कडाडली की छत्र्या फुटतात हा समज आपल्याकडेही आहे, नाही का? खाण्याच्या छत्रीला आपण अळंबी म्हणतो, गोव्यात अळमी, कन्नडात अणबे. विदर्भात सात्या म्हणतात, टेकोडे म्हणतात आणि चवीने खातात. ह्या सर्वांत मला सर्वांत शहाणे नाव वाटते ते तेलुगूतले, पुट्टगोडुगु. पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री. वारुळावरची छत्री. गोव्यातही वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथल्या अळमीला रोयणीची अळमी. हे नाव रंग सांगत नाही, जागा सांगते. आणि त्यात खरे शास्त्र आहे. वारुळाच्या पोटात वाळवी कुजक्या पाल्याचे मऊ गठ्ठे करून त्यांवर एक बुरशी पोसते, आपण मळ्यात भाजी पिकवावी तशी. पाऊस पडला की तीच बुरशी वारुळातून लांब मुळासारखा देठ काढून वर छत्री उघडते. उपटताना देठ खोलवर गेलेला लागतो. माणसाला अजून तिची व्यापारी लागवड साधलेली नाही. वाळवीला साधली आहे.

ही झाली खायची पांढरी. विषारी पांढरी कोणती, तेही सांगायला हवे. गवतात, खत पडलेल्या जागी, गोठ्यामागे, शाळेच्या हिरवळीवर पावसानंतर एक मोठी छत्री येते. लहान असताना नगाऱ्याच्या टिपरीसारखी, उमलल्यावर लहान भाकरीएवढी. वर पांढरी आणि मध्यावर तपकिरी खवले. देठाला कडे असते. पोटाखालच्या पातळ पट्ट्या आधी पांढऱ्या असतात, आणि छत्री जुनी झाली की त्या हिरवट-राखी होतात. उष्ण प्रदेशात सगळीकडे ही आढळते. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. बहुतेक माणसे ह्यातून बरी होतात. पण लहान मूल आणि म्हातारे माणूस पाणी कमी होऊन हाती लागत नाही असे होऊ शकते. दिसायला अशी देखणी की कोणाही सुगरणीने फसावे.

माझ्या नात्यातल्या एका घरची हकीकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. सून भंडाऱ्याकडची. माहेरी आषाढात आजीबरोबर रानात जाऊन सात्या वेचलेल्या, त्यांची भाजी हातखंडा. लग्न होऊन आमच्या बाजूला आली. दुसऱ्या पावसाळ्यात गोठ्यामागे पांढऱ्या छत्र्यांचा ताटवा दिसला आणि पोरीला माहेर भेटल्यासारखे झाले. तिने हौसेने रस्सा केला. नणंदेला, दिराला वाढला, स्वतः खाल्ला, आणि चार वर्षांच्या पुतण्याने दोन घास घेतले. दोन तासांनी घरात उलट्यांना सुरुवात झाली. रात्री जीप करून चौघांना दवाखान्यात नेले. सलाइनवर ठेवले, पोराची नाडी पहाटेपर्यंत लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळी घरी आली. मग सुरू झाले सासूचे. "कुठल्या रानातून आणली ही पोर, कुत्र्याच्या छत्र्या खाऊ घातल्या." वर्षभर तिला ते ऐकावे लागले.

मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते की, त्या मुलीला अडाणी म्हणणे अन्याय आहे. त्या घरात छत्र्यांविषयी सर्वांत जास्त ज्ञान तिलाच होते. पण ते ज्ञान भंडाऱ्याच्या मातीतले होते. तिकडचे रान वेगळे, तिकडे आजी शेजारी उभी राहून "ही घे, ती टाक" म्हणत होती. लग्नात सुनेबरोबर नाव आले. वारूळ आले नाही, आजी आली नाही. आणि सासरच्या बायकांना ह्या मातीतली विषारी छत्री ठाऊक होती ती फक्त शिवी म्हणून. कोणती, कुठे, कधी, असे कोणी तिला दाखवून दिले नव्हते. परक्या देशात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलियात किंवा कॅलिफोर्नियात गेलेली माणसे मायदेशी भाताच्या पेंढ्यावर येणारी छत्री समजून तिकडची 'मृत्यूची टोपी' वेचतात. ही दिसायला फिकट हिरवट-पांढरी, सौम्य. अर्धी छत्री मोठ्या माणसाला पुरते.

ह्या मृत्यूच्या टोपीची जात आपल्या अजिंठ्याच्या रानातली नव्हे, पण तिचा स्वभाव सांगून ठेवते, कारण फसवणूक तिथे आहे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, एक दिवस बरे वाटते, घरचे लोक निश्चिंत होतात. आणि आतल्या आत यकृत निकामी होत असते. शिजवून, वाळवून हे विष जात नाही. जगात छत्र्यांनी जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक ह्याच विषाचे. आपली ती चित्रातली तांबडी सहसा मोठ्या माणसाचा जीव घेत नाही, गुंगी आणि भ्रम आणते. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातल्या छत्र्या खाऊन १३ माणसे गेली. त्यांत चहाच्या मळ्यातली मजुरांची कुटुंबे होती. रोजची भाजी म्हणून त्यांनी त्या वेचल्या होत्या.

आपल्याकडे परीक्षा सांगतात त्यांविषयी दोन शब्द. भाजीत चांदीचे नाणे टाका, काळे पडले तर विष. लसूण घाला, हळद घाला, तांदळाचे दाणे घाला, रंग बदलतो का पाहा. किड्याने खाल्लेली असेल तर आपल्यालाही चालते. ह्यांतली एकही परीक्षा खरी नाही. गोगलगाय मृत्यूची टोपी खाऊन सुखाने फिरते. मोबाइलने फोटो काढून नाव विचारायची सोय झाली आहे, तीही ह्या कामाला धरू नये; फोटोत देठाखालची माती दिसत नाही, वास येत नाही, आणि यंत्र चुकले तर उलट्या आपल्याला होतात. जुन्या छत्रीची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली आणि सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडली, तर ती मी वर्णन केलेली विषारी छत्री. पण भुकटी हिरवी पडली नाही म्हणून छत्री खायची झाली, असे कोणी समजू नका.

कोणाला त्रास झालाच तर वाट पाहू नये. मीठपाणी पाजून उलटी काढायच्या नादी लागू नये. १०८ ला फोन करावा, किती वाजता खाल्ले ते सांगावे, आणि उरलेली छत्री, नसेल तर सालपट, देठ, जे हाती लागेल ते कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे न्यावे. पिशवीत घातले तर कुजून ओळखेनासे होते. ज्यांनी खाल्ले पण अजून काही झाले नाही, त्यांनाही बरोबर न्यावे.

मी अळंबी खाण्याच्या विरुद्ध आहे असा समज करून घेऊ नका. बाजारात मिळणारी बटण आणि धिंगरी मी घरी करते. धिंगरी तर गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या भुश्शावर घरच्या खोलीत पिकते, आणि आपल्या मंडळातल्या काही जणींनी तिचा विचार करायला हरकत नाही. त्याविषयी माहितगार माणसाला वेगळे बोलवावे. माझा तो अभ्यास नाही.

माझी मागणी लहान आहे. आपल्या ह्या सभेत बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींची माहेरे ह्या गावची नाहीत. कोणी बुलढाण्याकडची आहे, कोणी खानदेशातली, कोणी परभणीची, एक-दोघी नागपूर-भंडाऱ्याच्या. मंडळाच्या कपाटात एक कोरी वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येकीने माहेरच्या छत्र्यांची नावे लिहावीत. खायची कोणती, टाकायची कोणती, कोणत्या महिन्यात, वारुळावर की उकिरड्यावर की लाकडावर, आणि हे कोणी शिकवले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मुली लिहून घेतील. गावातल्या म्हाताऱ्यांना मुद्दाम विचारावे. त्या पहिल्यांदा म्हणतील, "काय ते, कुत्र्याच्या छत्र्या," पण जरा बसलात तर पुढे बोलतील. ह्या गावच्या मातीतली पाने वेगळी ठेवली आहेत, माहेरची वेगळी. दोन्ही एकत्र करू नयेत. आणि बालवाडीच्या ताईंना माझी विनंती आहे की, त्या तक्त्यावरच्या तांबडीशेजारी गोठ्यामागची ती पांढरी, खवल्यांची, खालून हिरवट होणारी छत्रीही काढून लावावी. रंगपेटी मंडळ देईल, अध्यक्षबाईंनी तसे कबूल केले आहे.